मिशिगन सरोवरावरच्या रेल्वेच्या बोटी: मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
शिकागो, मिलवॉकी, डेट्रॉईट, ग्रँड रॅपिड्स आणि आसपासच्या मराठी मंडळांचे पदाधिकारी व सहलींचे आयोजक यांस,

सप्रेम नमस्कार.

गुढीपाडव्याचा कार्यक्रम आटोपला की आपल्याकडे उन्हाळी सहलींची आखणी सुरू होते. त्यात लडिंग्टनहून मॅनिटोवॉकला जाणाऱ्या एस. एस. बॅजर या बोटीचा विषय बहुतेक वेळा निघतोच. कोणीतरी पत्रक तयार करतं: चार तासांचा जलविहार, डेकवर आरामखुर्च्या, मुलांसाठी बिंगो, आपली गाडी बोटीतूनच पलीकडे. हे सगळं खरं आहे आणि छानही आहे. मी या किनाऱ्यावर राहते, त्यामुळे पाहुणे आले की मीही त्यांना याच बोटीवर नेते. तरीही ते पत्रक वाचून मला दरवेळी वाटतं की बोटीची मुख्य गोष्ट सांगायची राहूनच गेली. बॅजर बांधली गेली ती आगगाडीच्या मालवाघिणी सरोवराच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर नेण्यासाठी. अशा बोटी या सरोवरावर १८९२ ते १९९० अशी जवळपास शंभर वर्षं, बारा महिने, बर्फातसुद्धा चालल्या. त्यासाठी माणसांनी जे कष्ट उपसले आणि ज्यांचे जीव गेले, त्यांच्याबद्दल एक अक्षरही न ऐकता आपली मुलं सरोवर ओलांडतात. म्हणून हे पत्र.

आधी भूगोल सांगते, कारण सगळं त्यातूनच निघालं. मिशिगन सरोवर उत्तर-दक्षिण लांबच लांब पसरलेलं आहे. पूर्वेला मिशिगन राज्य, पश्चिमेला विस्कॉन्सिन. लडिंग्टन ते मॅनिटोवॉक हे अंतर पाण्यावरून ६० मैल. रस्त्याने दक्षिणेकडून वळसा घातला तर ४०० मैलांच्या वर. हा वळसा शिकागोतून जातो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शिकागोच्या यार्डांत माल इतका तुंबायचा की वाघिणी दिवस न् दिवस अडकून पडत. मिशिगनमधल्या लहान रेल्वे कंपन्यांना तिथे मोठ्या कंपन्यांच्या मर्जीवर राहावं लागे. काही कंपन्या किनाऱ्यापर्यंत वाघिणी आणत, माल उतरवून बोटीत भरत आणि पलीकडे पुन्हा वाघिणींत चढवत. पिठाचं पोतं दोनदा उचलायचं, दोनदा ठेवायचं. हमाली वाढे, नासधूस होई, वेळ जाई.

ओहायोतले जेम्स ॲश्ली यांनी यावर जो उपाय काढला, तो तेव्हा बऱ्याच लोकांना वेडेपणाचा वाटला असणार. हे ॲश्ली म्हणजे १८६३ मध्ये अमेरिकी संसदेत गुलामगिरी कायमची रद्द करणाऱ्या घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मांडणारे गृहस्थ. राजकारणातून बाहेर पडल्यावर त्यांनी टोलेडोहून ॲन आर्बरमार्गे वायव्येकडे रेल्वे टाकत नेली आणि मिशिगनमधल्या फ्रँकफर्ट गावापाशी सरोवराच्या काठावर आणून सोडली. पुढे फक्त पाणी. त्यांनी ठरवलं की माल उतरवायचाच नाही. आख्ख्या वाघिणी बोटीत घालायच्या आणि विस्कॉन्सिनला उतरवून पुढच्या रुळांवर ढकलायच्या. नद्यांवर आणि सामुद्रधुन्यांवर असं होत होतं, पण ६० मैलांच्या उघड्या पाण्यावर, जिथे वादळात समुद्रासारख्या लाटा उठतात, तिथे कोणी हे केलेलं नव्हतं. फ्रँक कर्बी या जहाजतज्ज्ञाने त्यांना लाकडी सांगाड्याच्या दोन बोटी आखून दिल्या. ‘ॲन आर्बर नं. १’ नोव्हेंबर १८९२ मध्ये विस्कॉन्सिनच्या केवॉनी बंदराला गेली. तिच्या पोटात चार रूळ होते आणि त्यांवर २४ वाघिणी मावत.

हेच कर्बी त्याआधी सरोवराच्या उत्तर टोकाच्या मॅकिनॉ सामुद्रधुनीसाठी ‘सेंट इग्नेस’ ही बोट बांधून बसले होते. तिला मागे बोट ढकलणारा पंखा होताच, पण पुढेही एक होता. तो बर्फाखालचं पाणी उपसून काढी आणि आधार गेलेला बर्फ बोटीच्या वजनाने फुटे. रशियाच्या ॲडमिरल मकारोव यांनी या बोटींचा अभ्यास केला आणि पुढे सायबेरियात बैकाल सरोवरावर रेल्वेचे डबे वाहून नेणारी ‘बैकाल’ नावाची बर्फफोडी बोट १९०० मध्ये चालू झाली. ती इंग्लंडमध्ये तयार करून, सुटे भाग करून काठावर नेऊन जोडली होती. सरोवराला वळसा घालणारा रेल्वेमार्ग पुरा होईपर्यंत ट्रान्ससायबेरियन रेल्वेचा दुवा त्या बोटीवरच तगून होता. आपल्या दारातल्या सरोवरावरचं शहाणपण एवढ्या लांब पोचलं, हे इथल्या शाळांतही फारसं कोणी सांगत नाही.

ॲश्लींचं पाहून फ्लिंट अँड पेर मार्क्वेट रेल्वेने १८९७ मध्ये लडिंग्टनहून पोलादी बोट सुरू केली. तिचं नाव ‘पेर मार्क्वेट’ आणि तिच्यात तीसेक वाघिणी मावत. पुढे ग्रँड ट्रंक रेल्वेच्या बोटी ग्रँड हेवनहून आणि १९३३ नंतर मस्कीगनहून मिलवॉकीला जाऊ लागल्या. लडिंग्टन हे गाव तर या धंद्यावरच उभं राहिलं. घरटी कोणीतरी बोटीवर, नाही तर यार्डात, नाही तर कोळशाच्या धक्क्यावर.

आता वाघिणी बोटीत चढवायच्या कशा, ते सांगते. गेल्या उन्हाळ्यात माझे सासरे आमच्याकडे आले होते. भुसावळच्या यार्डात त्यांची हयात गेली. बॅजरवर चढताना त्यांनी धक्का, बोटीचं मागचं उघडं तोंड, सगळं न्याहाळलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “अगं, एका बाजूच्या रुळावर भरलेल्या वाघिणी ढकलल्या की बोट कलंडत नसेल का?” सहलीला आलेल्या दुसऱ्या कोणी मला हा प्रश्न कधी विचारला नव्हता, आणि या सगळ्या धंद्याचा जीव नेमका तिथेच आहे.

बोट धक्क्याला पाठ लावून उभी राहते. धक्क्याला बिजागऱ्यांनी जोडलेला एक लोखंडी पूल असतो, त्याला इथे एप्रन म्हणतात. वजनं लावून तो वरखाली करता येतो, कारण बोट भरेल तशी पाण्यात खाली जाते. पुलावरचे रूळ आणि बोटीतले रूळ अगदी समोरासमोर आले पाहिजेत. मग शंटिंगचं इंजिन वाघिणींची रांग हळूहळू आत ढकलतं. इंजिनाचं वजन पुलावर येऊ नये म्हणून मध्ये रिकामे सपाट डबे लावायचे. सगळी रांग एकाच कडेच्या रुळावर घातली तर बोट त्या बाजूला झुकणार, म्हणून थोड्या वाघिणी डावीकडे, मग थोड्या उजवीकडे, मग मधल्या रुळांवर. कोणती वाघीण भरलेली, कोणती रिकामी, कशात कागद आणि कशात खनिज, हे आधीच कागदावर मांडलेलं असे. हिशेब चुकला की काय होतं ते १९०९ मध्ये मॅनिस्टीक बंदरात दिसलं. लोहखनिजाच्या वाघिणी भरताना ‘ॲन आर्बर नं. ४’ धक्क्यालाच कलंडून बुडाली.

वाघिणी आत गेल्या म्हणजे काम संपलं असं नव्हे. प्रत्येक वाघिणीचे ब्रेक आवळायचे. चाकांमागे रुळाला चाप बसवायचे. मग वाघिणीच्या कोपऱ्यांखाली जॅक लावून ती इतकी उचलायची की स्प्रिंगवरचा भार जाईल, आणि साखळ्या टाकून ती डेकला करकचून बांधायची. स्प्रिंगवर डुलणारी वाघीण वादळात साखळी तोडते. आणि एक वाघीण सुटली की ती शेजारचीला धडकते. पलीकडे पोचल्यावर हे सगळं सोडवायचं, वाघिणी बाहेर काढायच्या, नव्या आत घ्यायच्या, पुन्हा बांधायच्या. मध्यरात्री, उणे तापमानात, बर्फ साचलेल्या लोखंडाला हात लावून. खाली बॉयलरपाशी फायरमन आणि कोळसा ओढणारे. मॅकिनॉच्या ‘चीफ वॉवटम’ या बोटीवर तर १९८४ पर्यंत फावड्यानेच कोळसा मारत होते. माझे सासरे हे सगळं ऐकून इतकंच म्हणाले, “शंटिंगमध्ये हात गेलेली माणसं आम्ही पाहिली आहेत. इथे तर खाली पाणीही.” त्यांना फार समजावून सांगावं लागलं नाही.

हिवाळ्यात सरोवराच्या काठांना बर्फ धरतो आणि वाऱ्याने तो एका किनाऱ्याकडे लोटला जातो. त्याचे थर एकावर एक चढतात. बोटी त्यात अडकायच्या आणि कधी दिवस न् दिवस किनारा समोर दिसत असताना तिथेच उभ्या असायच्या. तरी सेवा बंद व्हायची नाही, कारण पलीकडे गिरण्या आणि कारखाने वाघिणींची वाट पाहत असत.

दोन अपघात मात्र मला सविस्तर सांगायचे आहेत.

८ सप्टेंबर १९१० च्या रात्री ‘पेर मार्क्वेट १८’ लडिंग्टनहून मिलवॉकीला निघाली. पहाटे बोटीच्या मागच्या भागात पाणी भरल्याचं लक्षात आलं. कप्तान पीटर किल्टी यांनी बोट विस्कॉन्सिनच्या किनाऱ्याकडे वळवली. वजन कमी करायला खलाशांनी, ज्या वाघिणी काही तासांपूर्वी साखळ्यांनी बांधल्या होत्या, त्याच सोडवून मागच्या तोंडातून सरोवरात ढकलल्या. वायरलेसवर बसलेला तरुण स्टीफन शेपानेक मदतीची हाक देत राहिला. ती हाक ऐकून ‘पेर मार्क्वेट १७’ आली म्हणून तीसहून अधिक माणसं वाचली. पण १८ अचानक बुडाली आणि सुमारे २९ जण गेले. त्यांत कप्तान, सगळे अधिकारी आणि शेपानेक होते. बुडणाऱ्यांना वाचवताना १७ वरचेही दोघे बुडाले. पाणी कुठून शिरलं हे सांगू शकेल असा एकही अधिकारी उरला नाही, आणि ते कोडं आजवर सुटलेलं नाही. बोटीचे अवशेष २०२० मध्ये सापडले, सरोवरात खूप खोल. न्यूयॉर्कच्या बॅटरी पार्कमध्ये कर्तव्यावर बुडालेल्या वायरलेस ऑपरेटरांचं एक स्मारक आहे. टायटॅनिकच्या जॅक फिलिप्सचं नाव त्यावर आहे आणि त्याच दगडावर शेपानेकचंही आहे. टायटॅनिक आपल्या घराघरांत माहीत आहे. हा मुलगा आपल्या अंगणातल्या पाण्यात गेला आणि त्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही.

दुसरी बोट ‘मिलवॉकी’, ग्रँड ट्रंकची. २२ ऑक्टोबर १९२९ ला दुपारी भर वादळात ती मिलवॉकी बंदरातून बाहेर पडली. कप्तान रॉबर्ट मॅके कसल्याही हवेत बोट काढण्याबद्दल प्रसिद्ध होते. बंदराबाहेरच्या दीपनौकेवरच्या लोकांनी तिला लाटांत जाताना पाहिलं, ते शेवटचं. बोटीवर वायरलेस नव्हतं. माणसं पन्नासच्या आसपास होती. एकही वाचला नाही. काही दिवसांनी मिशिगनच्या किनाऱ्यावर पाण्यात टिकणारी एक डबी सापडली. तिच्यात बोटीच्या पर्सरने, म्हणजे हिशेब सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने, लिहिलेली चिठ्ठी होती: पाणी भराभर आत येतंय, बोट परत मिलवॉकीकडे वळवली आहे, पंप चालू आहेत, पण मागचं लोखंडी दार आत वाकलंय आणि पाणी थोपत नाही. शेवटी त्याने लिहिलं होतं की बोटीवरच्या माणसांची यादी गेल्या पगाराच्या दिवशी होती जवळपास तीच आहे. त्या क्षणी त्याला हे सुचलं, कारण मागे राहिलेल्यांना कोण गेलं ते कळायला हवं होतं. ही चिठ्ठी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ दुसरं काही वाचू शकले नाही.

बुडालेल्या ‘मिलवॉकी’च्या जागी १९३१ मध्ये ‘सिटी ऑफ मिलवॉकी’ ही बोट आली. माझी मुख्य विनंती तिच्याबद्दल आहे, पण त्याआधी बॅजरची कथा पुरी करते.

बॅजर चेसापीक अँड ओहायो रेल्वेने विस्कॉन्सिनच्या स्टर्जन बे गावात बांधून घेतली. १९५२ मध्ये ती पाण्यात उतरली आणि मार्च १९५३ मध्ये कामाला लागली. तिची जोडीदार ‘स्पार्टन’. एकीचं नाव विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संघावरून, दुसरीचं मिशिगन स्टेटच्या संघावरून. लांबी ४१० फूट, पोटात ३२ वाघिणी, आणि कोळशाच्या वाफेवर चालणारी प्रत्येकी ३,५०० अश्वशक्तीची स्किनर कंपनीची दोन इंजिनं. जगभर जहाजं डिझेलकडे वळत असताना कोळसा निवडला गेला, कारण रेल्वेचा तोच तर माल होता. १९५५ हे लडिंग्टनचं सगळ्यात भरभराटीचं वर्ष. त्या एका वर्षात जवळपास सात हजार फेऱ्या झाल्या आणि दोन लाखांवर वाघिणी सरोवरापार गेल्या.

त्यानंतरची उतरण लवकर झाली. वाघिणी मोठ्या झाल्या, एका बोटीत कमी मावू लागल्या. शिकागोची कोंडी सुटत गेली, लांबच्या गाड्या न थांबता तिथून निघू लागल्या. ट्रकनी बराच माल पळवला. बोटीवर लागणारी माणसं तेवढीच राहिली आणि त्यांचे पगार, कोळसा, दुरुस्ती सगळं वाढलं. सत्तरच्या दशकात रेल्वेने मार्ग बंद करण्याची परवानगी मागितली. ग्रँड ट्रंकच्या बोटी १९७८ मध्ये थांबल्या, ॲश्लींनी सुरू केलेल्या ॲन आर्बर रेल्वेच्या १९८२ मध्ये. १९८३ मध्ये दोन स्थानिक उद्योजकांनी लडिंग्टनच्या बोटी घेऊन तग धरला. शेवटी नोव्हेंबर १९९० मध्ये बॅजर वाघिणी घेऊन अखेरची फेरी करून आली आणि सरोवरावरची रेल्वेसेवा संपली. लडिंग्टनमध्येच वाढलेले उद्योजक चार्ल्स कॉनरॅड यांनी १९९१ मध्ये बोटी विकत घेतल्या, आणि १९९२ पासून बॅजर माणसं आणि मोटारी नेऊ लागली. ते नसते तर ती भंगारात गेली असती.

कोळशावर आक्षेप घेणारे आपल्यातही आहेत, आणि मी त्यांचा आक्षेप उडवून लावणार नाही. बॅजर वर्षानुवर्षं कोळशाची राख पाण्यात मिसळून सरोवरातच सोडत होती. आपल्यातले कितीतरी जण ज्या सरोवराचं पाणी पितात, त्यात. तक्रारी झाल्या, सरकारने मुदत घातली, आणि २०१५ च्या हंगामापासून राख बोटीतच साठवून किनाऱ्यावर उतरवली जाते. लोकांनी आवाज उठवला म्हणून ते झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. धूर अजून आहे. पण तिची वाफेची इंजिनं अमेरिकेच्या मेकॅनिकल इंजिनीयर्सच्या संस्थेने ऐतिहासिक ठेवा म्हणून नोंदवली आहेत, आणि बोट स्वतः राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. ही यंत्रं फिरताना बघायला मिळणं आणि काचेच्या पेटीत बघायला मिळणं यांत फरक आहे, असं माझं मत आहे. शिवाय ती कायम चालेल असं धरून चालू नका. जुलै २०२३ मध्ये लडिंग्टनच्या धक्क्यावरचा उताराचा पूल निकामी झाला आणि उरलेला हंगाम बुडाला.

आता विनंती. लडिंग्टनच्या उत्तरेला मोटारीने अर्ध्या-पाऊण तासावर मॅनिस्टी गाव आहे. तिथे ‘सिटी ऑफ मिलवॉकी’ आज संग्रहालय म्हणून उभी आहे. बॅजरवर आता मोटारींचा मजला दिसतो. इथे मात्र डेकवरचे रूळ, साखळ्या, जॅक, वाघिणी, खलाशांच्या खोल्या आणि इंजिनघर असं सगळं जागच्या जागी आहे. माझ्या सासऱ्यांनी तिथे पाऊण तास नुसत्या साखळ्यांपाशी काढला. हे संग्रहालय स्वयंसेवकांच्या जिवावर चालतं. आपल्या सहलीत लडिंग्टनला जाण्याआधी किंवा परतल्यावर अर्धा दिवस मॅनिस्टीसाठी ठेवा. लडिंग्टनमध्ये जुन्या तटरक्षक ठाण्याच्या इमारतीत बंदराचं संग्रहालय आहे आणि पलीकडे मॅनिटोवॉकमध्ये विस्कॉन्सिनचं सागरी संग्रहालय. वेळ कमी असला तर ही दोन्ही सोडा, पण मॅनिस्टी सोडू नका.

दुसरं, उन्हाळ्यात आपल्याकडे आईवडील, सासूसासरे येतात. त्यांतले कितीतरी जण मध्य रेल्वेत, वर्कशॉपात, लोको शेडमध्ये, मालधक्क्यावर आयुष्य काढून आलेले असतात. सहलीत त्यांना खिडकीची जागा आणि चहा दिला की आपलं काम झालं असं आपण समजतो. त्यांना या बोटीची गोष्ट आधी सांगा आणि मग मुलांसमोर बोलू द्या. कपलिंग कसं लावतात, भरलेली वाघीण ढकलताना इंजिनाचा आवाज कसा बदलतो, फायरमनला बॉयलर कसा सांभाळावा लागतो, हे त्यांच्याइतकं कोण सांगणार? आपल्या मुलांना आजोबांचं काम एरवी कळायला फार थोड्या जागा आहेत.

तिसरं, पैशांचं. गणेशोत्सवात आपण दरवर्षी एखाद्या संस्थेला देणगी देतो. त्यातला थोडा वाटा एखाद्या वर्षी मॅनिस्टीच्या बोटीच्या रंगरंगोटीला द्यावा. पोलाद गोड्या पाण्यातही गंजतं, आणि आपण या किनाऱ्यांवर घरं घेतली आहेत, मुलं वाढवली आहेत. इथल्या जुन्या कष्टांची निगा राखणं हे आपलंही काम आहे.

या बोटींच्या इतिहासावर बोटीत वाटता येईल असं मराठी टिपण लिहून द्यायला मी तयार आहे. छपाई मंडळांनी बघावी. ज्येष्ठांना बोटीच्या जिन्यांवरून खाली नेताना मदत लागते, तेव्हा तरुण स्वयंसेवकांची नावं आधी घ्या. मॅनिस्टीला मोठा गट नेण्यापूर्वी तिथे फोन करून वेळ ठरवावी लागते. तेही मी करीन. सहलींची बैठक जेव्हा ठेवाल तेव्हा मला कळवा, मी येते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मिशिगनच्या पश्चिम किनाऱ्यावर राहणारी एक सभासद